आधी बंबवाल्यांना विचारा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. दिवाळी अंकांतील ऐतिहासिक लेखही बहुधा त्याच वाटेने जातात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र मी वाचकांपुढे ज्या गृहस्थाला आणणार आहे, त्याने कुठला गड जिंकला नाही की कधी निवडणूक लढवली नाही. त्याची सारी दौलत म्हणजे एक टेबल, हातातील चार कागद आणि एक धीमा, भारदस्त आवाज. अमेरिकेत १९६२ पासून १९८१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षे, हा माणूस संध्याकाळी घरोघरच्या टेलिव्हिजनवर येई, आज जगात काय घडले ते सांगे, आणि 'तर आजचा प्रकार हा असा आहे' अशा अर्थाचे एक ठरलेले वाक्य उच्चारून, त्या दिवसाची तारीख सांगून निघून जाई. त्याचे नाव वॉल्टर क्रॉन्काइट.

मी पेशाने शिक्षिका आणि हौसेने कादंबरीकार. या दोन धंद्यांचे आपसांत फारसे पटत नाही. कादंबरीकाराला गोष्ट रंगायला हवी असते. वर्गात मात्र गोष्ट रंगात आली की पहिल्या बाकावरचे एखादे पोर हटकून विचारते, "बाई, पण हे खरंच घडलं का?" क्रॉन्काइटच्या चरित्राचे मला आकर्षण वाटते ते याच कारणासाठी. आयुष्यभर हा माणूस 'खरेच घडले का?' हा प्रश्न विचारीत राहिला, आणि त्याच्या पाठीमागे लोकांनी त्याच्याच नावाभोवती अशा कथा गुंफल्या की त्यांना तो प्रश्न विचारायचे कोणाच्या मनात येईना. त्याची कसोटी त्यालाच लावली तर काय शिल्लक राहते, हे पाहण्याचा या लेखात विचार आहे.

वॉल्टरचा जन्म ४ नोव्हेंबर १९१६ रोजी मिसूरी राज्यातील सेंट जोसेफ या गावी झाला. वडील दंतवैद्य. मुलगा दहा वर्षांचा झाला त्या सुमारास कुटुंबाने टेक्सस राज्यातील ह्यूस्टन शहरी बिऱ्हाड हलवले. तिथल्या पहिल्याच दिवसांतला एक प्रसंग त्याने आपल्या आत्मकथेत सांगितला आहे. शहरातल्या एका बड्या दंतवैद्याने या नव्या कुटुंबाला घरी बोलावले होते. आइस्क्रीम घेऊन आलेला एक काळ्या वर्णाचा पोऱ्या मागच्या दाराने न जाता पुढच्या ओसरीवर आला, एवढ्या अपराधासाठी यजमानाने त्याच्या तोंडावर ठोसा लगावला. वॉल्टरचे वडील तत्क्षणी उठले, बायकोमुलाला बरोबर घेतले आणि त्या घरातून चालते झाले. ज्या माणसाच्या आधारावर नव्या गावात जम बसवायचा, त्याच्याच ओसरीवरून असे उतरणे सोपे नसते. पुढे त्याच वडिलांना दारूचे व्यसन जडले आणि आईबापांचा संसार मोडला, हेही मुलाने लपवून ठेवलेले नाही.

ह्यूस्टनच्या शाळेत त्याला फ्रेड बर्नी नावाचे मास्तर भेटले. वर्तमानपत्राचा धंदा करून आलेले हे गृहस्थ शाळांतील मुलांना वार्ताहराची विद्या शिकवीत. आपण वार्ताहरच व्हायचे हे वॉल्टरने तिथेच ठरवले. १९३३ मध्ये तो ऑस्टिनच्या विद्यापीठात गेला खरा, पण अभ्यासापेक्षा वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत त्याचा मुक्काम अधिक, आणि १९३५ साली पदवी न घेताच त्याने विद्यापीठाला रामराम ठोकला. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेली नाही, म्हणून असे चरित्र वाचताना मला थोडा अधिक आनंद होतो, हे वाचकांपासून कशाला लपवू? मात्र पदवी नसलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट दोनदा तपासून घ्यावी लागते, हाही त्या आनंदामागचा अनुभव आहे.

१९३६ मध्ये कॅन्सस सिटीच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर त्याला नोकरी लागली. तिथे त्याचे नावसुद्धा त्याचे राहिले नाही. 'वॉल्टर विल्कॉक्स' या नावाने तो बोले. कामेही नाना तऱ्हेची. दूरगावी चाललेल्या फुटबॉलच्या सामन्याच्या तारा येत, आणि त्या त्रोटक शब्दांवरून, बंद खोलीत बसून, जणू मैदानावरच उभे आहोत अशा थाटात तो सामन्याचे वर्णन करी. म्हणजे तिखटमीठ लावण्याची कला त्याला येत नव्हती असे नाही. ती चांगलीच येत होती.

याच केंद्रावर त्याच्या आयुष्यातली ती आग लागली. एके दिवशी केंद्राचे व्यवस्थापक धावत आले. त्यांच्या पत्नीने घरून फोन केला होता की, नगरपालिकेच्या इमारतीला आग लागली असून तीन बंबवाले वरून उड्या टाकून मेले आहेत. ही बातमी ताबडतोब सांग, असा हुकूम सुटला. वॉल्टरने फोन उचलला आणि तो आगीच्या बंबाच्या कचेरीचा नंबर फिरवू लागला. व्यवस्थापकांना याचा भारी राग आला. आपली बायको प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहते आहे, आणखी खातरजमा कसली करायची, असा त्यांचा सवाल. अखेर वॉल्टरला बाजूला सारून ते स्वतःच ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि त्यांनी ते अग्निकांड श्रोत्यांना ऐकवले. इकडे फोनवर कळले की आग किरकोळ होती, ती विझलीही होती, आणि कोणीही मेले नव्हते. परिणाम काय झाला? वॉल्टरची नोकरी गेली! वरिष्ठांच्या शब्दावर अविश्वास दाखवला हा त्याचा गुन्हा. वयाच्या विशीत हा धडा मिळालेला तरुण पुढे एक तर कायमचा गप्प बसायला शिकतो किंवा कायमचा फोन फिरवायला शिकतो. वॉल्टरने दुसरी गोष्ट पत्करली. जाता जाता एवढे सांगते की त्याच केंद्रावर बेट्सी मॅक्सवेल नावाची मुलगी काम करीत होती. १९४० मध्ये त्यांचे लग्न झाले आणि २००५ साली ती वारेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पासष्ट वर्षे, तो संसार टिकला. तेव्हा त्या नोकरीत त्याचे नुकसानच झाले असे कोणी म्हणू नये.

१९३७ मध्ये तो 'युनायटेड प्रेस' या वृत्तसंस्थेत गेला, आणि त्याच वर्षी १८ मार्चला टेक्ससमधील न्यू लंडन गावच्या शाळेत भयंकर स्फोट झाला. हा परिसर खनिज तेलाच्या विहिरींचा. शाळेने खर्च वाचावा म्हणून विहिरींतून वाया जाणारा नैसर्गिक वायू नळीने घेतला होता. त्या वायूला मुळात वास नसतो. तो इमारतीच्या तळघरात साचत गेला तरी कोणाला कळले नाही. एका यंत्राचा विजेचा खटका दाबताच ठिणगी उडाली आणि सुमारे ३०० माणसे, त्यांत बहुतेक मुले, प्राणास मुकली. डॅलसच्या कचेरीतून जे वार्ताहर धावले, त्यांत वॉल्टर होता. त्यानंतर त्याने महायुद्ध पाहिले, खून पाहिले, पण या दुर्घटनेची बरोबरी करील असे दृश्य आपण पुन्हा पाहिले नाही, असे तो वृद्धपणीही म्हणे. एका शिक्षिकेला ही हकीकत वाचताना काय वाटते ते लिहीत नाही. या दुर्घटनेनंतर टेक्ससमध्ये वायूत उग्र वास मिसळण्याचा कायदा झाला आणि ती रीत पुढे जगभर पसरली. आपल्या स्वयंपाकघरात सिलिंडरची नळी सैल झाली की जो दर्प येतो आणि आपण चटकन खिडक्या उघडतो, त्या दर्पामागे ती शाळा आहे.

दुसऱ्या महायुद्धात तो युनायटेड प्रेसचा युद्धवार्ताहर होता. २६ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेन बंदरावर बॉम्बफेक करणाऱ्या विमानांतून काही वार्ताहर गेले. वॉल्टर त्यांत होता. त्यांतला 'न्यूयॉर्क टाइम्स'चा रॉबर्ट पोस्ट परत आला नाही. १९४४ च्या सप्टेंबरात तो छत्रीधारी सैनिकांच्या तुकडीबरोबर बिनइंजिनाच्या विमानातून, ज्याला ग्लायडर म्हणतात त्यातून, हॉलंडमध्ये उतरला. युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या खटल्याच्या बातम्या त्याने दिल्या, आणि पुढे दोन वर्षे मॉस्कोत वृत्तसंस्थेची कचेरी सांभाळली. युद्धकाळीच रेडिओवरचे नामवंत वार्ताहर एडवर्ड मरो यांनी त्याला सी.बी.एस. कंपनीत बोलावले होते. तेव्हा त्याने नकार दिला, कारण तारेने बातमी पाठवणे हेच त्याला खरे काम वाटे. १९५० मध्ये मात्र मरो यांचे दुसरे बोलावणे त्याने स्वीकारले आणि तो टेलिव्हिजनच्या नव्या दुनियेत आला.

त्या दुनियेत सर्वच नवखे होते. १९५२ साली शिकागोला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार निवडण्यासाठी दोन्ही पक्षांची अधिवेशने भरली. अनेक वार्ताहर सभागृहात विखुरलेले, आणि त्या सर्वांच्या बातम्यांचे धागे एका जागी बसून हाती धरणारा एक माणूस. या भूमिकेला 'अँकर', म्हणजे नांगर, असे नाव त्या अधिवेशनांपासून रूढ झाले. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. नांगर दिसायला ओबडधोबड असतो, पण लाटा उसळल्या की सारी नाव त्याच्यावर विसंबते. अर्थात कंपनीला तेव्हा या नांगराची एवढी किंमत कळली नव्हती. १९५४ मध्ये सकाळच्या एका कार्यक्रमात क्रॉन्काइटला शार्लमेन नावाच्या कळसूत्री सिंहाशी बातम्यांविषयी गप्पा मारायला बसवले होते! न्यूरेंबर्गचा खटला पाहून आलेला माणूस बाहुलीशी संभाषण करतो आहे, हे चित्र मला हसू आणते. पण त्याने तेही मन लावून केले. 'यू आर देअर' नावाच्या दुसऱ्या कार्यक्रमात तर आजच्या वेषातले वार्ताहर सॉक्रेटिसाच्या मृत्यूची किंवा सीझरच्या खुनाची बातमी देत, आणि क्रॉन्काइट सूत्रधार असे. इतिहास शिकवण्याची ती युक्ती मी वर्गात करून पाहिली आहे. मुलांना भारी आवडते.

१६ एप्रिल १९६२ रोजी डग्लस एडवर्ड्स यांच्या जागी क्रॉन्काइट सी.बी.एस.च्या सायंवार्ता सांगू लागला. तेव्हा बातम्या अवघ्या पंधरा मिनिटांच्या असत. २ सप्टेंबर १९६३ पासून त्या अर्ध्या तासाच्या झाल्या, आणि त्या पहिल्या दिवशी खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची मुलाखत त्याने दाखवली. सामान्य अमेरिकन माणूस मिनिटाला सुमारे १६५ शब्द बोलतो. ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द कळावा म्हणून क्रॉन्काइटने आपली गती मिनिटाला १२४ शब्दांवर आणून ठेवली होती.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्मिता पाटील यांनी अभिनयात नाव मिळवण्याआधी तिथे मराठी बातम्या दिल्या, आणि प्रदीप भिडे यांचा आवाज तर कित्येक घरांत दिवेलागणीच्या वेळेचाच एक भाग होऊन गेला. या मंडळींना आपण वृत्तनिवेदक म्हणतो. वृत्तविभागाने तयार केलेले वृत्त स्वच्छ उच्चारात सांगणे हे त्यांचे काम. क्रॉन्काइट निवेदक होता तसाच तो त्या बातम्यांचा व्यवस्थापकीय संपादकही होता. कोणती बातमी घ्यायची, कोणती गाळायची, कशाची पुन्हा चौकशी करायची, यात त्याचा शब्द चाले. म्हणून चूक झाली तर ती कागदाची म्हणता येत नसे. आणि एवढे असूनही तो प्रेक्षकांना वारंवार बजावी की, आपल्या अर्ध्या तासातले सगळे शब्द एकत्र केले तरी वर्तमानपत्राचे पहिले पान भरणार नाही, तेव्हा वर्तमानपत्रे वाचा. स्वतःचा माल अपुरा आहे असे सांगणारा दुकानदार विरळाच!

अर्ध्या तासाच्या बातम्या सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच २२ नोव्हेंबर १९६३ चा दिवस उजाडला. डॅलस शहरी केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे १ वाजून ४० मिनिटे झाली असतील. टेलिव्हिजनवर घरगुती मालिका चालू होती. ती तोडून पडद्यावर नुसती एक पाटी आली आणि मागून क्रॉन्काइटचा आवाज ऐकू आला. त्याचा चेहरा दिसेना, कारण त्या वेळचे कॅमेरे तापून कामाला तयार व्हायलाच वीसेक मिनिटे लागत. पुढे तो पडद्यावर आला. तासाभरात डॅलसहून एकामागून एक बातम्या येत राहिल्या. राष्ट्राध्यक्ष गेल्याचे त्याच्याच कंपनीचा तिथला वार्ताहर डॅन रादर याने कळवले. क्रॉन्काइटने ते सांगितले, पण अधिकृत दुजोरा नाही हे त्याच दमात सांगितले. वाचकांनी तो क्षण डोळ्यांपुढे आणावा. प्रतिस्पर्धी कंपन्या आहेत, सारा देश कान टवकारून बसला आहे, आणि जगातली सर्वांत मोठी बातमी हाती असताना हा माणूस 'अजून पक्के नाही' असे म्हणतो आहे. २ वाजून ३८ मिनिटांनी हाती तार पडली. त्याने जाड चौकटीचा चष्मा चढवला, बातमी वाचली, चष्मा काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मृत्यू ३८ मिनिटांपूर्वी झाल्याचे सांगितले. क्षणभर त्याला आवंढा गिळावा लागला. मग तो पुढच्या बातमीकडे वळला. लोकांच्या मनात राहिला तो हा आवंढा. माझ्या मते त्याच्या आधीचा संयम अधिक मोलाचा आहे, कारण त्या आवंढ्याला वजन आले ते त्या संयमामुळे.

आता त्याच्या चरित्रातील सर्वांत गाजलेल्या कथेकडे येते. १९६८ च्या जानेवारीअखेर, टेट नावाच्या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनाममधील शहरांवर एकाच वेळी हल्ले चढवले. युद्धाचा शेवट दृष्टिपथात आला आहे असे अमेरिकन सेनापती सांगत होते, आणि इकडे सायगावच्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात शत्रू शिरला. क्रॉन्काइट स्वतः व्हिएतनामला गेला, ह्युए शहरातील लढाई त्याने पाहिली, आणि २७ फेब्रुवारी १९६८ रोजी एक खास कार्यक्रम सादर केला. त्याच्या शेवटी त्याने आपली वर्षानुवर्षांची रीत मोडली. आता जे सांगतो ते माझे वैयक्तिक मत आहे असे आधी स्पष्ट करून तो म्हणाला की, हे युद्ध कोंडीत सापडले आहे आणि सन्मानाने वाटाघाटी करणे हाच समंजस मार्ग दिसतो.

यापुढची कथा अशी सांगतात. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये तो कार्यक्रम पाहिला, टेलिव्हिजन बंद केला, आणि क्रॉन्काइट हातचा गेला म्हणजे सामान्य अमेरिकन माणूस हातचा गेला, असे उद्गार काढले. महिन्याभरात, ३१ मार्चला, त्यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. एका वार्ताहराच्या चार वाक्यांनी राष्ट्राध्यक्ष सिंहासनावरून उतरला! कादंबरीकाराला याहून सुंदर प्रकरण कुठे मिळणार?

पण आधी बंबवाल्यांना विचारले पाहिजे. अभ्यासकांनी जॉन्सन यांच्या दिनक्रमाचे कागद काढून पाहिले. त्या रात्री ते व्हाइट हाउसमध्ये नव्हतेच. टेक्ससचे गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या ५१ व्या वाढदिवसाच्या समारंभासाठी ते ऑस्टिनला गेले होते आणि कार्यक्रम चालू असताना तिथे होते. त्यांनी तो मागाहून पाहिला याचाही भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. त्यांचे म्हणून जे उद्गार सांगतात, ते तरी प्रत्येक पुस्तकात सारखे असावेत की नाही? कोणी 'मध्यम अमेरिका' म्हणतो, कोणी 'देश' म्हणतो, कोणी 'युद्ध' म्हणतो. शिवाय १८ मार्चला, म्हणजे कार्यक्रमानंतर तीन आठवड्यांनी, मिनिॲपोलिस येथील भाषणात जॉन्सन युद्ध जिंकण्यासाठी साऱ्या राष्ट्राने कंबर कसावी असेच सांगत होते. लोकमतही आधीच फिरले होते. व्हिएतनामला फौज पाठवणे ही चूक झाली असे म्हणणारे १९६७ च्या ऑक्टोबरातच उलट बाजूच्या लोकांपेक्षा संख्येने पुढे गेले होते. जॉन्सन यांचा पाय निघाला त्याला स्वपक्षातील आव्हान हे मोठे कारण होते. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत सेनेटर मॅकार्थी यांनी ४२ टक्के मते घेतली आणि चारच दिवसांनी रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले. आणि युद्ध? ते १९७५ च्या एप्रिलअखेरपर्यंत चालूच राहिले.

मग क्रॉन्काइटच्या त्या चार वाक्यांना काहीच अर्थ नव्हता काय? मला तसे वाटत नाही. राजा उलथवण्याची गोष्ट खोटी ठरली तरी एक गोष्ट खरी उरते. ज्याने इतकी वर्षे आपले मत खिशात ठेवले, त्याने ते बाहेर काढताना 'हे मत आहे' अशी चिठ्ठी लावून काढले, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बातम्या सांगायला बसला. बातमी आणि मत यांची ताटे त्याने वेगळी मांडली. हे काम युद्ध थांबवण्याइतके दिपवणारे नाही, पण रोज करता येण्याजोगे आहे.

या कथेला नियतीने जोडलेला शेवट मात्र अस्सल आहे, कारण तो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडला. २२ जानेवारी १९७३ रोजी सायंवार्ता चालू असताना क्रॉन्काइट पडद्यावर दिसला तो फोन कानाला लावलेला. जॉन्सन यांचे पूर्वीचे सचिव पलीकडून बोलत होते. प्रेक्षकांना क्षणभर थांबण्याची खूण करून त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग सांगितले की, माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्ससमध्ये निवर्तले. व्हिएतनामच्या शस्त्रसंधीची घोषणा दुसऱ्याच दिवशी व्हायची होती. कोट्यवधी लोकांना खोळंबून ठेवून फोनवर खात्री करून घेणारा हा साठीकडे झुकलेला गृहस्थ पाहिला की मला कॅन्सस सिटीतला तो नोकरी गेलेला पोरगा आठवतो.

'अमेरिकेतील सर्वांत विश्वासू माणूस' ही त्याची पदवीही अशीच तपासून घ्यावी. १९७२ च्या एका मतचाचणीत त्याला विश्वासाचे ७३ गुण मिळाले आणि तो सर्वांच्या पुढे होता, हे खरे. पण त्या यादीतली बाकीची मंडळी राजकारणी होती. दुसरा वार्ताहर तीत नव्हताच. राजकारण्यांच्या रांगेत विश्वासाने पहिले येणे हा पराक्रम किती मोठा, हे वाचकांनीच ठरवावे! स्वीडनमध्ये वृत्तनिवेदकांना त्याच्या नावावरून 'क्रॉन्काइटर' म्हणतात, अशीही एक कथा पुष्कळ वर्षे छापली गेली. स्वीडनच्या भाषेत असा शब्द नाही.

एवढे सर्व वजा केल्यावरही जमेच्या बाजूला खूप राहते. १९७२ च्या ऑक्टोबरात, वॉटरगेट प्रकरणाकडे टेलिव्हिजनचे अजून फारसे लक्ष नव्हते, तेव्हा त्याने त्यावर चौदा मिनिटे दिली. अर्ध्या तासाच्या बातम्यांत एका विषयाला चौदा मिनिटे म्हणजे जवळजवळ सारे ताटच वाढण्यासारखे. व्हाइट हाउसमधून कंपनीच्या मालकांवर दडपण आले आणि दुसरा भाग आठ मिनिटांवर आला, पण आला. १४ नोव्हेंबर १९७७ रोजी त्याने उपग्रहाद्वारे इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्राएलचे पंतप्रधान बेगिन यांच्याशी एकाच दिवशी बोलून दोघांची तयारी जगासमोर आणली. पाचच दिवसांनी सादात जेरुसलेमला उतरले. २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, त्या वेळी तर या बोलण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला शब्दच सुचेनात. कित्येक वर्षे त्या क्षणाची तयारी केलेली. पण यान चंद्राला टेकताच त्याने चष्मा काढला, हात चोळले, आणि लहान पोरासारखा एखाददुसरा आनंदोद्गार तेवढा त्याच्या तोंडून निघाला.

६ मार्च १९८१ रोजी त्याने ती खुर्ची डॅन रादरच्या हवाली केली. इतक्या लवकर उठायला नको होते, अशी हळहळ त्याने नंतर बोलून दाखवली. १७ जुलै २००९ रोजी, ९२ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. कॅन्सस सिटीत, जिथे त्याची नोकरी गेली आणि बेट्सी भेटली त्याच गावी, तिच्या शेजारी त्याला चिरविश्रांती मिळाली.

तो काळ सोन्याचा होता असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. तीन कंपन्यांनी जे दाखवायचे ठरवले तेच सारा देश पाही, आणि त्यांच्या नजरेतून सुटलेल्यांचे हाल कोणाला दिसत नसत. आता तसे राहिलेले नाही. आज प्रत्येकाच्या खिशात केंद्र आहे आणि प्रत्येक जण वार्ताहर आहे. काळजी आहे ती एवढीच, की कॅन्सस सिटीचे ते व्यवस्थापक आता घरोघर झाले आहेत. कोणाच्या तरी कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेले असते आणि आपण ते दहा जणांना धाडून मोकळे होतो. गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या निरोपावरून १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ती टोळी कुठेच नव्हती. त्या दिवशी निरोप पुढे धाडण्याआधी एकाने जरी फोन फिरवून पोलिसांना विचारले असते, तरी कदाचित ती पाच माणसे आपल्या घरी परत गेली असती.

फराळाच्या ताटाभोवती घरची मंडळी जमली आहेत, आणि कोणी काका किंवा वहिनी खिशातला फोन काढून एखादी थरारक हकीकत वाचून दाखवीत आहेत. असा प्रसंग या चार दिवसांत प्रत्येक घरी येणार. त्या वेळी मोठ्यांचा मान राखून, हळूच, कोणीतरी विचारावे, "हे कुणी सांगितलं? त्यांना कुठून कळलं?" थोडा रसभंग होईल. चकलीचा तुकडा मोडता मोडता तो सहज विसरला जातो.